मतिमंदांची शुश्रूषा व ती शिकणारे विद्यार्थी : एक ऐतिहासिक विचार

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे आपण साहजिकच मागें वळून पाहतों. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणिली, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत शाळेची इमारत उठली, ह्यांचीं टिपणें स्मरणिकेंत येतात, आणि तीं यावयासच पाहिजेत. परंतु प्रत्येक धर्मग्रामांत कांहीं जीव असेहि असतात कीं, ज्यांचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत एकदां लिहिलें जातें आणि त्यानंतर थेट दफनाच्या वहींत. मधल्या साऱ्या आयुष्यांत तें शाळेच्या हजेरींत नाहीं, विवाहाच्या नोंदींत नाहीं, कोणत्याहि मंडळाच्या यादींत नाहीं. जन्मतः किंवा बालपणींच ज्यांच्या बुद्धीची वाढ मंद राहिली, असे हे आपले बंधुभगिनी होत. आपण मालवणी लोक त्यांस 'खुळो', 'खुळी' म्हणतों. कधीं मायेनें, कधीं चेष्टेनें. हे आजारी पडले म्हणजे त्यांची शुश्रूषा ज्यांनीं करावयाची, ते डॉक्टर आणि परिचारिका शिकत असतांना त्यांजकडे कोणत्या दृष्टीनें पाहत आले, ती दृष्टि कोठून आली, आणि ती बदलते ती कशानें, ह्याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखांत देण्याचा विचार आहे.

हा विषय आतांच काढण्यास कारण आहे. पूर्वीं आपल्या किनाऱ्यावरील मुलास वैद्यक शिकावयाचें तर त्यास मुंबई, पुणें, मिरज किंवा गोवें गांठावें लागे. आज ओरोस येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभें आहे. २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून तेथें दरवर्षीं १०० विद्यार्थ्यांस प्रवेश मिळूं लागला. पडव्यासहि खाजगी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. शिवाय परिचारिका होऊन मुंबईंत, आखातांत आणि विलायतेंत सेवा करणाऱ्या मुली आपल्या कित्येक घरांतून गेलेल्या आहेत. सारांश, भावी डॉक्टर आणि परिचारिका घडविण्याचें काम आतां आपल्याच अंगणांत चाललें आहे. त्यांनीं मतिमंद रोग्याकडे कसें पाहावें, ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ दूरच्या विद्यापीठांवर सोंपवून आपणांस स्वस्थ बसतां येणार नाहीं.

प्रथम एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. वेड हा आजार आहे. तो उत्तम बुद्धीच्या माणसासहि कोणत्याहि वयांत जडूं शकतो, आणि औषधोपचारानें पुष्कळदां आटोक्यांत येतो. बुद्धीचें मांद्य, ज्यास आज बौद्धिक अक्षमता असें म्हणतात, हा आजार नव्हे. गर्भावस्थेंत, प्रसूतीच्या वेळीं किंवा बालवयांत मेंदूच्या वाढींत उणेपणा राहिला म्हणजे शिकण्याची, विचार करण्याची व रोजचे व्यवहार उरकण्याची शक्ति सावकाश वाढते आणि मर्यादित राहते. त्यावर औषध नाहीं. परंतु शिक्षण आहे, आणि धीरानें दिलेल्या शिक्षणानें बहुतेकांची स्थिति सुधारते. आपल्या बोलींत 'पिसो' म्हणजे ज्याचें डोकें फिरलें तो, आणि 'खुळो' म्हणजे ज्याला समज कमी तो, असा भेद पुष्कळदां केला जातो. अशिक्षित म्हातारीस जो भेद कळत होता, तो राज्याच्या कायद्यास मात्र फार उशिरां कळला.

इंग्रज सरकारनें १८५८ सालीं वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा कायदा केला. पुढें १८८६ सालीं रत्नागिरीस असें एक इस्पितळ स्थापन झालें, तें आजतागायत चालू आहे. मालवण, देवगड व वेंगुर्लें हीं ठिकाणें त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत; सावंतवाडी हें निराळें संस्थान होतें; आणि सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तेव्हां आपल्या किनाऱ्यास सर्वांत जवळची अशी संस्था ती रत्नागिरीचीच होती. ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालचें, येरवड्याचें त्यानंतरचें. १९१२ सालीं 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' मंजूर झाला. त्यांत वेड्याची व्याख्या देतांना जन्मतः मंदबुद्धि असलेला मनुष्य आणि भ्रमिष्ट मनुष्य ह्या दोघांस एकाच शब्दांत गोंवण्यांत आलें. म्हणजे ज्याला शिकवावयाचें आणि ज्याला बरें करावयाचें, ते दोघेहि कायद्याच्या लेखीं एकच ठरले, व दोघांकरितां दार एकच, तें म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचें. हा कायदा थोडाथोडका नव्हे, तर १९९३ सालापर्यंत अमलांत होता.

ह्याचा परिणाम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर काय झाला असेल, हें ओळखणें कठीण नाहीं. मतिमंद मनुष्य त्यांस भेटला तर कुंपणाच्या आंत, इतर शेंकडों दुःखी जीवांच्या गर्दींत भेटे. नाहींतर मुळींच भेटत नसे. त्यांतहि हीं इस्पितळें अपुरीं. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्यांत मानसिक रुग्णालयांतील खाटांचें प्रमाण सुमारें ४०,००० लोकसंख्येमागें एक असें सांगितलें आहे. अशा स्थितींत बहुसंख्य मतिमंद माणसें आपापल्या घरींच राहिलीं, आणि डॉक्टर होणाऱ्या मुलांस तीं पुस्तकांतील एका परिच्छेदाइतकींच ठाऊक झालीं. जें पुस्तकांत 'असाध्य' म्हणून लिहिलेलें आहे, त्याच्या खाटेजवळ अधिक वेळ कशाला थांबावें, ही वृत्ति अशा शिक्षणांतून आपोआप उपजते. विद्यार्थ्यांचीं मनें दुष्ट होतीं असें नव्हे. त्यांस दाखविलेंच तेवढें होतें.

आपल्या किनाऱ्यावर इस्पितळें नव्हतीं असें नाहीं. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचें सेंट ल्यूक्स इस्पितळ होतें, आणि तेथील डॉ. रॉबर्ट गोहीन ह्यांचें नांव वेंगुर्लेंकरांच्या कित्येक पिढ्यांस परिचित होतें. दक्षिणेकडे गोव्यांत १८४२ सालीं वैद्यकीय विद्यालय स्थापन झालें. त्याचाच वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या इस्पितळाची वाट आपले रोगी आजहि धरतात. ह्या संस्थांनीं तापकऱ्यांची, बाळंतिणींची व जखमी खलाशांची मोठी सेवा केली. मतिमंद मूल मात्र तेथें गेलें तर तापापुरतें किंवा खोकल्यापुरतें जाई. त्याच्या मंदपणाविषयीं आईनें विचारलें, तर सांगण्यासारखें त्या काळच्या वैद्यकाजवळ फारसें कांहीं नव्हतें.

मग ह्या जिवांचा सांभाळ केला कोणीं? घरानें आणि गांवानें केला. रांपण ओढण्याच्या वेळीं दोरीला हात लावणाऱ्याची बुद्धि कोणी तपासून पाहत नाहीं. जो ओढतो त्याच्या पदरीं मासळीचा वाटा पडतो. माडाच्या झावळ्या गोळा करणें, विहिरीवरून पाणी आणणें, मंदिराच्या आवारांत झाडलोट करणें, अशीं कामें करीत ह्यांपैकीं कित्येकांनीं आयुष्य काढलें, आणि त्यांच्या आईबापांच्या मागें भावानें किंवा वहिनीनें त्यांस सांभाळलें. परंतु ह्या चित्राची दुसरी बाजूहि लपवितां कामा नये. पाहुणे आले म्हणजे माजघराचें दार लोटून आंत बसविलेलीं मुलेंहि आपल्याच गांवांत होतीं व आहेत. थोरल्या बहिणीचें लग्न मोडेल ह्या भीतीनें ज्यास घराबाहेर काढलें जात नाहीं, त्यास दांत दुखला म्हणून दवाखान्यांत तरी कोण नेणार? घरचा संकोच आणि डॉक्टराचें अज्ञान हीं दोन्हीं एकमेकांस पोसतात.

गांवानें सांभाळ करण्याची परंपरा ख्रिस्ती जगांत जुनी आहे. बेल्जम देशांत गेल नांवाचें एक नगर आहे. तेथें संत डिंफना हिच्या मंदिराच्या आश्रयास येणाऱ्या वेड्या व मतिमंद यात्रेकरूंस मध्ययुगापासून गांवकरी आपल्या घरांत ठेवून घेऊं लागले. पुढें १८५० सालीं तेथील सरकारनें ह्या व्यवस्थेवर वैद्यकीय देखरेख नेमली. तरी राहणें मात्र शेतकऱ्यांच्या घरींच चालू राहिलें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं अशा निवासी रुग्णांची संख्या ३,५०० हून अधिक झाली होती. ज्या मुलाच्या लहानपणापासून त्याच्या घरीं असा एखादा पाहुणा जेवावयास बसत असे, तें मूल पुढें परिचारक झालें, तर त्यास ह्या माणसांचें भय कोठून वाटणार?

परिचारिकांचे व रोग्यांचे आश्रयदाते म्हणून ज्यांस आपण वंदन करतों, त्या संत जॉन ऑफ गॉड ह्यांची कथाहि ह्याच संदर्भांत लक्षांत घेण्याजोगी आहे. हे मूळचे पोर्तुगालचे; जन्म १४९५. ग्रनाडा शहरीं एका प्रवचनानंतर पश्चात्तापानें ते इतके व्याकुळ झाले कीं, लोकांनीं त्यांस वेडा समजून तेथील राजकीय इस्पितळांत कोंडलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें तेथें त्यांस चाबकाचे फटके खावे लागले. रोग्यास काय भोगावें लागतें हें त्यांनीं रोग्यांच्या रांगेंत राहून पाहिलें, आणि सुटल्यावर स्वतः इस्पितळ उघडून तेथें निराळी रीत सुरू केली. १५५० सालीं ते वारले. त्यांच्या नांवाच्या संघाचा मठ आपल्यापासून फार दूर नसलेल्या जुन्या गोव्यांत १६८५ सालीं बांधला गेला. आज त्या भागांत फिरणाऱ्या आपल्या यात्रेकरूंपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें कीं, येथें एके काळीं रोग्यांची शुश्रूषा हेंच ज्यांचें व्रत असे साधु राहत होते.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठांतून मारिया मॉन्टेसोरी नांवाची एक तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली. तेथील मानसोपचार विभागांत मदतनीस म्हणून काम करीत असतां तिला वेड्यांच्या इस्पितळांत जावें लागे. तेथें मोठ्या माणसांच्या सोबत कोंडून ठेवलेलीं मतिमंद मुलें तिच्या दृष्टीस पडलीं. ज्यांच्या हातांस खेळावयास वस्तु नाहीं आणि ज्यांशीं बोलावयास कोणी नाहीं, अशा मुलांस औषधापेक्षां शिक्षणाची गरज अधिक आहे, असें तिचें मत झालें. १९०० सालीं रोममध्यें अशा मुलांकरितां एक शाळा निघाली, तिच्या चालकांपैकीं ती एक होती. सेगॅं ह्या फ्रेंच डॉक्टरानें पूर्वीं तयार केलेलीं साधनें सुधारून तिनें तेथें वापरलीं, आणि तींच साधनें पुढें १९०७ सालीं तिनें आपल्या बालगृहांतील सामान्य मुलांस दिलीं. १९३९ सालीं ह्या बाई हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धामुळें बरींच वर्षें येथेंच राहिल्या. महाराष्ट्रांत ताराबाई मोडक ह्यांनीं जी बालशिक्षणाची चळवळ चालविली, तीस ह्याच पद्धतीची प्रेरणा होती. आपल्या बालवाडींतील लांकडी ठोकळ्यांचें व मण्यांचें मूळ अशा रीतीनें मतिमंद मुलांच्या शिक्षणांत आहे. जगानें ज्यांस निरुपयोगी म्हटलें, त्यांजपासून एका तरुण डॉक्टरनें जें शिकून घेतलें, त्याचा लाभ आज सर्वांचीं मुलें घेत आहेत.

आपल्या प्रांतांत ह्या कामास आरंभ झाला तो मुंबईस. १९४१ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटीनें मानखुर्द येथें मतिमंद मुलांकरितां गृह काढलें. १९४४ सालीं वकील नांवाच्या पारशी दांपत्यानें आपल्या दीना ह्या मुलीकरितां शाळा सुरू केली. तीच आज जय वकील ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. १९६४ सालीं पुण्यास कामायनी निघाली. १९७३ सालीं मुंबईंत धर्मभगिनींच्या सोफिया महाविद्यालयाच्या आवारांत साधना विद्यालय उघडलें. १९७७ सालीं नाशकास रजनी लिमये ह्यांनीं प्रबोधिनी विद्यामंदिर स्थापिलें. त्या स्वतः अशा एका मुलाच्या माता होत्या. ही नामावली पाहतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ह्यांतील कित्येक कामें आईबापांनीं, शिक्षकांनीं किंवा धर्मभगिनींच्या आश्रयानें सुरू झालीं. वैद्यकीय महाविद्यालयांतून त्यांचा उगम झाला नाहीं. शाळा एकीकडे वाढली, इस्पितळ दुसरीकडे वाढलें, आणि त्या दोहोंमधील रस्ता बांधावयाचा राहून गेला.

१९८४ सालीं सिकंदराबाद येथें मतिमंदांकरितां राष्ट्रीय संस्था निघाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मतिमंदत्व हें मानसिक रोगांतून वगळलें, आणि १९९३ सालीं तो कायदा अमलांत येतांच १९१२ चा जुना कायदा संपुष्टांत आला. कागदावरील घोटाळा अशा रीतीनें मिटला. परंतु कायद्याच्या व्याख्येनें माणसाची दृष्टि एका दिवसांत बदलत नाहीं, ह्याचा प्रत्यय महाराष्ट्रास पुढच्याच वर्षीं आला.

१९९४ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या ससून इस्पितळांत शिरूर येथील सरकारी गृहांत राहणाऱ्या कित्येक मतिमंद मुलींचीं व स्त्रियांचीं गर्भाशयें शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यांत आलीं. त्यांस कर्करोग नव्हता, कीं दुसरा कोणता रोग नव्हता. मासिक पाळीच्या वेळीं त्यांस स्वच्छता राखतां येत नाहीं, हें कारण पुढें करण्यांत आलें. ज्यांच्या शरीरावर शस्त्र चालवावयाचें, त्यांस विचारण्याचें कोणासहि अगत्य वाटलें नाहीं. स्त्रियांच्या संघटनांनीं व आरोग्यक्षेत्रांतील कांहीं कार्यकर्त्यांनीं मोठा निषेध केला, तेव्हां उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ह्या प्रकरणाचा उल्लेख कोणा एका इस्पितळास किंवा डॉक्टरास दूषण देण्याकरितां केलेला नाहीं. पुष्कळ सुशिक्षित माणसांनीं त्या वेळीं ह्या शस्त्रक्रियांचें समर्थन केलें, हीच त्यांतील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मुलीस स्वच्छता शिकविणाऱ्या एका धीराच्या बाईपेक्षां शस्त्रक्रिया सोपी वाटावी, हें शिक्षणांतील फार मोठें व्यंग होय.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं, २००९ सालीं, चंडीगडच्या सरकारी आश्रयगृहांतील एका तरुणीचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. ती अनाथ व सौम्य मतिमंद होती. तिच्यावर अत्याचार होऊन ती गर्भवती राहिली होती. तिचा गर्भ पाडावा असा आदेश खालच्या न्यायालयानें दिला होता. परंतु तिला स्वतःला तें मूल हवें होतें. मानसिक रोग आणि बुद्धिमांद्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि अशा स्त्रीच्या संमतीवांचून तिचा गर्भपात करतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. आपणां ख्रिस्ती लोकांस ह्या निर्णयाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्यानेंहि त्यांतून एक धडा घ्यावयाचा आहे. जी मंद बोलते तिलाहि मत असतें, आणि तें विचारून घेणें हा रोग्याच्या तपासणीचाच भाग आहे.

डॉक्टरांची दृष्टि बदलली असतां आयुष्यें किती वाढतात, ह्याचेंहि उदाहरण आहे. इंग्लंडांतील डॉ. लॅंगडन डाउन ह्यांनीं १८६६ सालीं ज्या मुलांच्या ठेवणीचें वर्णन केलें, त्यांस आज डाउन सिंड्रोम असलेलीं मुलें म्हणतात. १९५९ सालीं पॅरिसच्या डॉ. जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, ह्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या जातीचें एक गुणसूत्र अधिक असतें. लेजून हे निष्ठावंत कॅथलिक होते. ख्रिस्तसभेनें २०२१ सालीं त्यांस 'आदरणीय' ही पदवी दिली आहे. अशा मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. पूर्वीं कित्येक डॉक्टर त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्यास नाखूष असत; 'कशाला' हाच त्यांचा प्रश्न असे. अमेरिकेंत १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तींचें सरासरी आयुर्मान सुमारें २५ वर्षें होतें. आज तें ६० च्या घरांत गेलें आहे. ह्या वाढीस नवीन औषधें व यंत्रें कारण झालीं खरीं. परंतु तीं ह्या मुलांकरितां वापरावीं असें डॉक्टरांस वाटूं लागलें, हेंहि तितकेंच मोठें कारण आहे.

निरनिराळ्या देशांत वैद्यकाच्या व परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काय आढळतें? विद्यार्थ्यांत तिरस्कारापेक्षां भय व अवघडलेपणा अधिक असतो. ह्याच्याशीं बोलावें कसें, हा मारील काय, ह्याला समजेल काय, अशा शंकांनीं तो गोंधळतो; मग रोग्यास सोडून सोबत आलेल्या माणसाशींच बोलूं लागतो. त्याहून घातक असा दुसरा दोष आहे, ज्यास १९८२ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं स्वतंत्र नांव दिलें. आपण त्यास निदानावर पडलेली सावली म्हणूं. रोगी ओरडतो, डोकें आपटतो, जेवत नाहीं. डॉक्टर म्हणतो, 'तो मतिमंदच आहे, असें करणारच.' परंतु ओरडण्याचें कारण कान फुटला हें असेल, किडलेली दाढ असेल, अथवा पोटांत आंतडें अडकलें असेल. ज्यास 'दुखतें' हा शब्द सांगतां येत नाहीं, त्याचें दुखणें त्याच्या मंदपणाच्या सावलींत झांकून जातें. ब्रिटनमध्यें २००७ सालीं मेनकॅप ह्या संस्थेनें अशा रीतीनें उपेक्षा होऊन इस्पितळांत मरण पावलेल्या सहा जणांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां त्या देशांत मोठी खळबळ उडाली. २०१६ सालीं ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा, त्याच्या आईबापांनीं व त्यानें स्वतः नको म्हटलेलें औषध दिल्यानंतर मरण पावला. त्याच्या मातेनें चालविलेल्या प्रयत्नांमुळें २०२२ च्या कायद्यान्वयें तेथील आरोग्यसेवकांस ह्या विषयाचें शिक्षण सक्तीचें झालें आहे.

हें शिक्षण देतात तरी कसें? लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयांत प्राध्यापिका शीला हॉलिन्स ह्यांनीं एक प्रयोग केला. ह्या बाई कॅथलिक असून स्वतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या माता आहेत. त्यांनीं मतिमंद नटांची एक नाटकमंडळी बोलावून विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या कामीं तिचें साहाय्य घेतलें. रोगी कोण आणि गुरु कोण, हा क्रमच तेथें उलटा झाला. ज्यास विद्यार्थी भीत होता, तोच त्यास शिकवूं लागला. वर उल्लेखिलेल्या पाहण्यांचाहि कल असाच आहे कीं, ज्या विद्यार्थ्यांचा अशा व्यक्तींशीं घरीं, शेजारीं किंवा सेवाकार्यांत संबंध आलेला असतो, त्यांची वृत्ति इतरांहून अधिक अनुकूल असते. ग्रनाडाचे संत, रोमच्या मॉन्टेसोरी, नाशकाच्या लिमये आणि लंडनच्या हॉलिन्स ह्यांच्या चरित्रांतहि हाच धागा आहे. त्यांपैकीं प्रत्येकास सहवास आधीं घडला आणि विचार मागाहून आला.

आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें डॉक्टर, परिचारिका व इतर आरोग्यसेवक ह्यांच्या अभ्यासक्रमांत अपंगत्व हा विषय घालावा असें सांगितलें आहे. २०१९ सालीं वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमांत आरंभींच्या पायाभूत वर्गांत त्याचे कांहीं तास ठेवण्यांत आले. २०२४ च्या सुधारणेंत ते वगळले गेल्याची तक्रार अपंगांच्या हक्कांकरितां झटणाऱ्या डॉक्टरांनीं जाहीरपणें केली. परिचर्येच्या विद्यार्थिनींस हा विषय बहुधा मानसोपचाराच्या अंगानें शिकविला जातो, आणि अनुभवाकरितां त्यांस मनोरुग्णालयांत धाडतात. पाहा, १९१२ चा कायदा मेला, तरी त्यानें घालून दिलेली वाट अजून मोडली नाहीं. मतिमंद माणसाची पहिली ओळख आजहि पुष्कळदां मनोरुग्णाच्या शेजारींच होते. २०११ च्या जनगणनेंत अशा व्यक्तींची संख्या देशांत सुमारें १५ लाख भरली. ह्यांपैकीं फारच थोड्या व्यक्ति मनोरुग्णालयांत असतील. बाकीच्या आपल्यासारख्या गांवांत, आपल्यासारख्या घरांत आहेत.

म्हणूनच, धर्मबंधुभगिनींनो, ह्या कामीं धर्मग्रामास करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यास पैसा फारसा लागत नाहीं. ज्यांच्या घरीं असें मूल किंवा प्रौढ मनुष्य आहे, त्यांनीं एका कागदावर साध्या मराठींत लिहून ठेवावें : ह्याचें नांव काय, ह्यास कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडते, दुखलें म्हणजे हा काय करतो, कशास भितो, कशानें शांत होतो, कोणतीं औषधें चालू आहेत. इस्पितळांत जातांना हा कागद बरोबर न्यावा व डॉक्टराच्या हातीं द्यावा. डॉक्टर तुमच्याशींच बोलूं लागला, तर नम्रपणें सांगावें, 'साहेब, त्यालाच विचारा, तो सांगेल. नाहीं सांगतां आलें तर मी सांगेन.' शिकाऊ डॉक्टर सोबत असल्यास त्यास दूर सारूं नये. तो पुढील तीस-चाळीस वर्षें रोगी तपासणार आहे. त्याची पहिली भेट तुमच्या मुलाशीं होऊं द्या.

आणि आपल्या ज्या मुलीमुलांनीं परिचर्येचें किंवा वैद्यकाचें शिक्षण धरिलें आहे, त्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, नाताळाच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टींत घरीं याल, तेव्हां वाड्यांतील अशा एका घरीं जा. तेथें उपदेश करूं नका, तपासणीहि करूं नका. तासभर बसा, त्याच्याशीं बोला, त्याचें उत्तर येईपर्यंत थांबा. तें उशिरां येतें. जें तुमच्या महाविद्यालयास दोन-चार तासांत शिकवितां येणार नाहीं, तें तुम्हांस आपल्याच वाड्यांतील ओटीवर शिकतां येईल. आईबापांनींहि माजघराचें दार तेवढ्यापुरतें तरी उघडें ठेवावें.

पुढील महोत्सवाच्या वेळीं ह्या धर्मग्रामाचा इतिहास जो कोणी लिहील, त्यास बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्यांच्या मध्यें ह्या आपल्या बंधुभगिनींविषयीं लिहावयास कांहीं सांपडावें. दवाखान्यांत त्यांस नांवानें हांक मारली गेली, त्यांच्या दुखण्याची वेळेवर पारख झाली, आणि ती करणारीं मुलें आपल्याच गांवचीं होतीं, इतकें जरी त्यास लिहितां आलें, तरी आपण हा महोत्सव योग्य रीतीनें साजरा केला असें होईल.